पान तेवीसवरची फुली

घाटकोपर
९ जानेवारी २०२५

ती. कुंदाताई,

फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता. गार्गीचं ऑफिस इथेच आहे, रोज बोरिवलीहून येते, तर तुमच्या सुनेला जरा पोस्टमन करू या. मी पुस्तक पाठवते, त्यात पत्र. तुम्हीही तसंच करा.

सोबतचं पुस्तक एका भाजीवालीचं आत्मचरित्र आहे. पहिली शंभर पानं चांगली आहेत. नंतर तिला मोठी माणसं भेटायला लागतात आणि ती भाजीचं सोडून त्यांचंच सांगत बसते. मला भाजीचं हवं होतं. पण मेथीची जुडी कशी बांधायची यावर तिने दोन पानं लिहिलीत, तेवढ्यासाठी वाचा.

माझं म्हणाल तर हे जाऊन चौदा महिने झाले. रडणं वगैरे नाही, पण बूड टेकत नाही. साडीला फॉल लावायला बसते, वीतभर शिवते आणि उठते. उठून काय करायचं तेही ठरलेलं नसतं. गॅस पुसलेला असला तरी पुन्हा पुसते. घरात वाचवत नाही म्हणून दुपारी मेट्रोत बसते, वर्सोव्याला जाते आणि तशीच परत येते. दुपारी डबा रिकामा असतो. जाऊन-येऊन पंधरा पानं होतात.

स्टेशनजवळचं आपलं वाचनालय मार्चअखेर बंद होतंय. म्हातारे मालक गेले, आता त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश बघतो. तो म्हणाला, "काकी, आता येतं कोण? तुम्ही आणि वाळवी." पुस्तकं कोणाला हवी तर घेऊन जा म्हणतो, उरलेली रद्दीत.

जुन्या वाचकांची प्रत्येकाची एक खूण असते, तुम्हाला ठाऊक आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून ठरलेल्या पानावर पेन्सिलीने काहीतरी करून ठेवायचं. ह्यांचा ठिपका असायचा, पान तेवीसच्या आकड्याखाली. लग्नानंतरची आमची खोली तेवीस नंबरची, म्हणून. मी आता तिथे जाते आणि एकेक पुस्तक काढून नुसतं पान तेवीस बघते. ठिपका दिसला की बरं वाटतं. यात वेडेपणा असला तर असू दे.

पण काल एका ठिपक्याने डोक्याला भुंगा लावला. मिठागरावरच्या एका कुटुंबाची जाडी कादंबरी आहे. ठिपका ह्यांचाच. पण हे पुस्तक घरी आलेलं नाही. मुलगा गेल्यावर मी बोलेनाशी झाले होते, तेव्हा ह्यांनी पहिलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "वाच गो, नायतर चित्रं बघ." मी सातवी पास, बोट ठेवून वाचणारी. तेव्हापासून ह्यांनी वाचलेलं प्रत्येक पुस्तक मी वाचलंय. आधी हे, मग मी. मग हे एक त्यांनी कुठे वाचलं?

आणि ठिपक्याशेजारी एक बारीक फुली आहे. घरी आलेल्या पुस्तकांत ठिपक्याशेजारी बरोबरची खूण असायची. ती मी दुसऱ्या कोणा वाचकाची समजत होते. फुली मी कधी पाहिली नव्हती. शोधलं तर ठिपका आणि फुली अशी आणखी चार पुस्तकं निघाली. चारही मला नवीन.

मार्चअखेर ही सगळी जातील. त्याआधी मला कळायला हवं. तुम्ही ह्यांच्या मोठ्या बहीण, घाटकोपरला होतात तोवर त्याच वाचनालयात जायचात. काही ठाऊक आहे का? आणि मिठागराचं वाचलंय का? कसं आहे?

तुमची
सुलू


बोरिवली
१४ जानेवारी

सुलू,

तिळगूळ गार्गीकडे दिलाय. लाडू कडक झालेत, दात सांभाळ.

भाजीवालीचं मेथीचं प्रकरण वाचलं. माझ्या वर्गात असती तर दहापैकी आठ दिले असते. पुढचं चाळलं. हल्ली मी चाळतेच. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने प्रत्येक ओळ वाचायची तर बाकीची पुस्तकं कधी व्हायची?

तू कसला भुंगा घेऊन बसलीस? फाटक्या पुस्तकांवर वाचनालयवाले फुली मारतात, बाइंडिंगला द्यायची म्हणून. नंदूने ती फाटकी म्हणून घरी आणली नसतील. माझा भाऊ जन्मभर गोदामात स्टॉक मोजत होता. खुणा करायची सवय हाताला लागते.

मिठागराचं वाचलंय मी. कंटाळवाणं आहे. तीनशे पानं नुसतं मीठ. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्याऐवजी हे घे, चाळीस नातेवाइकांना घेऊन यात्रेला निघालेल्या माणसाचं आहे. पोट दुखेपर्यंत हसशील. तुला आता हसण्याची गरज आहे.

आणि रोज रोज त्या धुळीत जाऊ नकोस. दमा उसळेल. कुठली पुस्तकं वाचावीशी वाटतात त्यांची नावं मला कळव, मी सांगते कुठलं घ्यायचं.

कुंदा


घाटकोपर
२१ जानेवारी

ती. कुंदाताई,

चाळीस नातेवाइकांचं पुस्तक परत पाठवतेय. हसले नाही. हा माणूस दर पानावर मला हसवायला बघतो, नको नको म्हणताना पानात श्रीखंड वाढावं तसं. एका ठिकाणी मात्र बसमध्ये आजीची कवळी हरवते आणि सगळे आपापलं तोंड चाचपतात, तिथे जरा हसू आलं. ते मुद्दाम सांगतेय, नाहीतर म्हणाल सुलूला काहीच आवडत नाही.

फुलीचं चंद्रप्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "काकी, फाटलं की आम्ही चिकटपट्टी लावतो. फुली कशाला मारू, परीक्षा आहे का?" म्हणजे तुमचं उत्तर चुकलं.

आता अशी अकरा झाली. मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहून टाकते, तुमच्यापासून काय लपवायचं. बाई. कोणी बाई असेल, तिच्यासाठी हे पुस्तकं घेत असतील, ती फुली मारत असेल, हे ठिपका देत असतील. ह्यांचा स्वभाव तसला नव्हता, हे मलाही कळतं. पण मेलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून मन वाट्टेल तिकडे जातं. रात्री उठून ह्यांच्या जुन्या शर्टांचे खिसे बघितले. काय मिळणार? इस्त्रीवाल्याची चिठ्ठी.

मिठागराचं मी घरी आणलंय. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच बहुतेक. पान अठ्ठ्याऐंशीवर आहे. ताई, तुम्हाला हे कंटाळवाणं कसं वाटलं? मीठ आहे, पण मीठ वाचताना हाताला चरचरतं. त्यात मिठागरवाल्याचा मुलगा आहे, सात-आठ वर्षांचा. सगळ्यांच्या राशींपासून लांब त्याने बांधावर स्वतःची वीतभर रास केलीय. तिला कोणी पाय लावला की आईबापाला सोडून थेट मुकादमाकडे तक्रार घेऊन जातो. मुकादमही कान देऊन ऐकतो.

तो खाडीच्या कडेने एकटा हिंडतो, पण मला धास्ती वाटत नाही. पुस्तकात मुलांना काही होत नसतं. तीस वर्षं वाचतेय, शेकडो झाली असतील. म्हातारी माणसं जातात, नवरे जातात, सासवा तेवढ्या टिकतात. पण मूल एकाही पुस्तकात गेलेलं मी वाचलं नाही. लिहिणाऱ्यांची छाती होत नसेल, नाहीतर कोणी छापत नसेल. मला हेच वाटत आलंय, की आपल्याकडे झालं ते छापण्याच्या पलीकडचं. म्हणूनच कोणी बोलतही नाही.

असो. सावकाश वाचतेय. मेट्रोत वर्सोव्याला पोचले की आता उतरते, धक्क्यापर्यंत चालत जाते आणि परत येते. बसून राहण्यापेक्षा बरं.

सुलू


बोरिवली
२३ जानेवारी

सुलू,

तीनदा फोन केला, तू उचलत नाहीस.

मिठागराचं पुस्तक पुढे वाचू नकोस. गार्गीकडे दे, उद्याच. मला ते पुन्हा बघायचंय. बांधणी खिळखिळी आहे, पानं सुटतील. शिवाय शेवट अगदीच गचाळ केलाय लेखकाने, तुझा वेळ फुकट जाईल. मी वाचते आणि तुला गोष्ट सांगते, मग झालं ना.

ते बाईचं डोक्यातून काढून टाक. नंदू तसा नव्हता. मी त्याची बहीण आहे, मला माहीत.

गार्गीबरोबर दोन पुस्तकं पाठवतेय, दोन्ही छान आहेत. एकात कोकणातला म्हातारा आणि त्याचा बैल आहे. बैलही शेवटी सापडतो.

कुंदा


घाटकोपर
४ फेब्रुवारी

कुंदाताई,

बैल परत पाठवलाय. वाचला नाही.

काल चंद्रप्रकाशला विचारलं, माझे मिस्टर इथे कोणाबरोबर यायचे का. तो तेव्हा शाळेत होता, वडिलांना डबा घेऊन यायचा. म्हणाला, "हो, एक बाई यायच्या. चष्म्याला साखळी. त्या पुस्तकं शेवटापासून उघडायच्या. बाबा म्हणायचे, ही बाई पुस्तक उलट्या बाजूने सोलते. हातात पेन्सिल, एका टोकाला लाल आणि एका टोकाला निळी."

तुमच्या पर्समध्ये अशी पेन्सिल मी तीस वर्षं पाहत आले. बारशाला आलात तरी ती असायची. बरोबर आणि फुली. मला आधी कळायला हवं होतं. शाळेतल्या बाईशिवाय गोष्टीच्या पुस्तकावर फुली मारणार कोण?

म्हणजे बाई होती. तुम्ही होतात. मग माझ्याशी खोटं का बोललात? फाटकं म्हणालात, कंटाळवाणं म्हणालात. कंटाळवाणं पुस्तक मागून घ्यायला कोणी तीनदा फोन करत नाही.

चंद्रप्रकाशने आणखी एक सांगितलं. हे शनिवारी संध्याकाळी तिथल्या बाकावर बसायचे, दाराकडे पाठ करून. दोन-दोन तास. पुस्तक तिथेच वाचायचे, तिथेच ठेवायचे आणि घरी दुसरंच न्यायचे. मला सांगायचे, शनिवारी स्टॉक मोजायचा असतो.

पुस्तक पान एकशे सत्तेचाळीसवर मिटून ठेवलंय. मुलगा बापासाठी भाकरी घेऊन बांधावरून निघालाय. तुमचं उत्तर येईपर्यंत पुढचं पान उलटणार नाही. पण उत्तर खरं द्या.

सुलक्षणा


बोरिवली
७ फेब्रुवारी

सुलू,

हे चौथं पत्र. तीन फाडली.

त्या वर्षी तू वाचायला लागलीस आणि नंदूला हुरूप आला. चौथं की पाचवं पुस्तक होतं. त्यात कोणाच्या तरी शेजारणीचं मूल जातं, दोनच ओळी होत्या. तू पुस्तक मिटलंस आणि दोन दिवस जेवली नाहीस. तुला आठवतही नसेल, तेव्हाचं तुला काहीच आठवत नाही. नंदू माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, असलं काही असेल तर मला आधी सांग. तिला वाचू द्यायचंय, पण हे नको." तो सावकाश वाचणारा, मला वह्यांचे गठ्ठे भराभर तपासायची सवय. म्हणून मी बघायला लागले. मूल दिसलं की शेवटी ते जिवंत आहे का तेवढं बघायचं. आहे, तर बरोबर. नाही, तर फुली. त्याने पान तेवीस सांगितलं म्हणून तिथेच.

मी बोरिवलीला आले तोवर त्याला स्वतःला जमायला लागलं होतं. नंतरच्या फुल्या त्याच्या असतील.

तुला फसवायचं नव्हतं गं. एका पावसाळ्यापुरतं करायचं होतं. मग दुसरा पावसाळा आला. तू हसायला लागली होतीस, श्वेता झाली होती, कोण सांगणार?

आता एक गोष्ट मी सांगते, जी मला तुझ्या पत्रातून कळली. मी फुली मारलेली पुस्तकं नंदू परत फळीवर ठेवतो, असं मी समजत होते. त्यांवर त्याचा ठिपका आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ती त्याने वाचली. मी फुली मारलेलं प्रत्येक. शनिवारी, दाराकडे पाठ करून. मला कधी बोलला नाही.

आणि माझं म्हणशील तर त्या वर्षानंतर मी एकही पुस्तक सरळ वाचलेलं नाही. तुला आवडलं म्हणून सांगायचे, छान आहे म्हणायचे, सगळं शेवट बघून. माझीही सवय गेली नाही. शाळेतून तापाने फणफणलेल्या त्याला उचलून घरी आणणारी मी होते. तुझ्या हातात दिला तेव्हा म्हणाले होते, काही नाही गं, अंग गरम आहे जरा.

निहार. बघ, लिहिलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पुस्तकात तो मुलगा जातो, सुलू. ते तुला माझ्याकडून कळावं. पुढे वाचायचं की नाही ते तू ठरव.

कुंदा


बोरिवली
२६ फेब्रुवारी

सुलू,

गार्गी रोज रिकाम्या हाताने येते. मी तिला दारातच विचारते, ती मान हलवते. काल म्हणाली, "आई, मी पोस्टमनची नोकरी सोडू का?"

शिव्या दे, पण लिही. श्वेताला फोन केला तर म्हणते, "आत्या, आई बरी आहे, पण घरी कधीच नसते." कुठे असतेस?

कुंदा


घाटकोपर
११ मार्च

ती. कुंदाताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा पहिले आठ दिवस नुसता राग होता. मला वाटायचं, मी शिकले. कोणी शिकवलं नाही, बोट ठेवून ठेवून आपलं आपण शिकले, कुठलंही पुस्तक उघडू शकते. आणि तुम्ही दोघांनी मला सगळं चाळून दिलंत, तान्ह्या पोराला पेज गाळून द्यावी तशी. घरातली भांडी आपटली. एक कप फुटला, तो ह्यांचा निघाला, त्याचंही दुःख झालं नाही.

मग दुसरंच काही मनात आलं आणि ते रागापेक्षा वाईट होतं. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, पुस्तकात मूल जात नाही. ताई, तीस वर्षं मी प्रत्येक पुस्तक उघडलं की त्यात तेच शोधत होते. कोणाचं तरी गेलं असेल, ती बाई मग काय करते, सकाळी उठते का, स्वयंपाक करते का, नवऱ्याशी काय बोलते, एवढंच मला बघायचं होतं. एकही सापडली नाही. मी समजले, जगात अशी मी एकटीच. तुम्ही फुल्या मारून माझ्यापासून दुःख नाही लपवलंत. माझ्यासारख्या बायका लपवल्यात.

हे वाचून तुम्हाला लागेल. लागू दे. तुम्हीच म्हणालात, शिव्या दे.

मी घरी नसते कारण पुस्तक घरात उघडवत नव्हतं. मेट्रोतही नाही, समोर कोणीतरी बसलेलं असतं. शेवटी वर्सोव्याला उतरले आणि मढला जायच्या बोटीत बसले. पाच मिनिटांत पलीकडे. पलीकडे उतरले, परत बसले. अशा सहा फेऱ्या झाल्या. बोटवाला म्हणाला, "मावशी, काय हरवलंय का?" म्हटलं, "नाही रे, वाचतेय." म्हणाला, "घरी लाइट नाय काय?"

पान एकशे अठ्ठेचाळीसवर तो जातो. ताप. दीड पान आहे फक्त. मला वाटलं होतं मी पडेन, पण समोर कोळिणी टोपल्या चढवत होत्या, त्यातल्या एकीने मला पाय बाजूला घ्यायला सांगितलं, मी घेतले, आणि पुढे वाचलं.

ताई, त्यानंतर अर्धं पुस्तक आहे. तुम्ही शेवट बघून फुली मारलीत, मधलं तुम्हाला ठाऊकच नाही. त्या दीडशे पानांत ती आई जगते. भांडते, माती उपसते, मुकादमाला दगड मारते. आणि रोज सकाळी त्या पोराच्या वाटची चतकोर भाकरी फडक्यात बांधून बांधावर ठेवते आणि नवरा उठायच्या आत कावळ्यांना घालते.

आता माझं सांगते. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. निहार गेल्यावर वर्षभर मी रोज सकाळी त्याची पाण्याची बाटली भरायची. निळी, हत्तीचं झाकण असलेली. भरून ओट्यावर ठेवायची आणि हे उठायच्या आत कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. मला वाटायचं मी वेडी होतेय. म्हणून लपवलं.

त्या भाकरीच्या ओळीशेजारी, समासात, एक ठिपका आहे. पान तेवीसवर नाही, पान एकशे एकोणसाठवर. ह्यांचाच, पेन्सिलीचा. अख्ख्या पुस्तकात दुसरी खूण नाही. वर एक शब्द नाही की खाली रेघ नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पडल्या पडल्या जागे असायचे. माझं ओतून होईपर्यंत डोळे मिटून राहायचे.

मी तिथे धक्क्यावर बसले. बराच वेळ बसले, ताई. पंधरा-सोळा महिन्यांत पहिल्यांदा उठावंसं वाटलं नाही. मासळीचा वास होता, कुत्री होती, मी बसले होते.

घरी आल्यावर श्वेताला फोन करून तिच्या भावाचं सगळं सांगितलं. तिला फक्त नाव ठाऊक होतं. ती म्हणाली, "आई, तो मस्ती करायचा का गं?" असं मला कोणी विचारलंच नव्हतं. तासभर सांगत होते.

चंद्रप्रकाशकडून फुलीची पुस्तकं घरी आणलीत. एकोणीस निघाली. दोन पिशव्या झाल्या, तो म्हणाला रिक्षा करून देऊ का, म्हटलं नको. सगळी वाचणार आहे. काही वाईट लिहिलेली असतील, तसं तुम्हाला कळवेनच. दुःखाचं पुस्तक आहे म्हणून चांगलंच असेल असं नाही.

मिठागराचं सोबत पाठवतेय. पान तेवीस बघा. ठिपका आहे, फुली आहे, शेजारी मी सुईचं भोक पाडलंय. ती माझी खूण.

आता तुमचं. हे पुस्तक तुम्ही पहिल्या पानापासून वाचायचं. तुमची सवय मला माहीत आहे, म्हणून बंदोबस्त केलाय. पान एकशे सत्तेचाळीसपासून शेवटपर्यंतची पानं कडेने कच्चे टाके घालून शिवून टाकलीत. जाड सुई घ्यावी लागली, बोटात घुसली दोनदा. उलट्या बाजूने सोलता येणार नाही. तिथवर सरळ वाचत पोचलात की खालचा पांढरा धागा ओढा, फॉलचा कच्चा टाका सुटतो तसा एका ओढीत सुटेल. मधेच सोडलात तर मला दिसेल. टाका माझा आहे, मला तो ओळखता येतो.

तुमची
सुलू


बोरिवली
२० मार्च

सुलू,

रोज दहा-बारा पानं. माझ्याच्याने जास्त होत नाहीत, सरळ वाचायची सवय मोडलीय. गार्गी म्हणते, "आई, ओठ हलतात तुमचे." हलू देत.

त्या पोराची रास मुकादमाने फळी लावून राखली, ते मला ठाऊकच नव्हतं. मागच्या वेळी हे पान मी पाहिलंच नव्हतं. निहारही असाच तक्रार घेऊन यायचा, हेडमास्तरांकडे, मला वगळून. मधल्या सुट्टीत. हे तुला कधी सांगितलं नाही. अजून खूप आहे.

पान एकशे सत्तेचाळीस. मुलगा भाकरी घेऊन बांधावरून निघालाय. धागा शाबूत आहे. पुस्तक दोन दिवस असंच उघडं पडलंय, टेबलावर, आणि मी येता-जाता बघतेय. तो अजून चालतोय.

शनिवारी ये. कात्री आणू नकोस, तू म्हणालीस तसा धागा हाताने सुटेल. पण ओढताना तू जवळ बस.

कुंदा